थांब्याचे मोल

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाशी, सह्याद्रीच्या उतरणीपासून अरबी समुद्राच्या पुळणीपर्यंत पसरलेले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके म्हणजे पूर्वापार वाटेवरचा मुलूख; मुंबईहून गुजरातेकडे आणि तेथून पुढे दिल्लीकडे ज्या कोणास जावयाचे असेल, त्याला याच चिंचोळ्या पट्टीतून वाट काढावी लागते. १८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने मुंबईच्या ग्रँट रोडपासून गुजरातेपर्यंत सलग लोहमार्ग नेला तो येथूनच. पूर्वी ज्याला आठ क्रमांकाचा म्हणत आणि आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा म्हणतात, तो राष्ट्रीय महामार्ग चारोटी, दापचरी, तलासरी, आमगाव ही गावे मागे टाकीत अच्छाडजवळ राज्याची हद्द ओलांडतो तोही येथूनच. आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग व मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे या आजच्या तीन मोठ्या कामांसाठी ज्या जमिनी संपादिल्या गेल्या, त्यांतही या दोन तालुक्यांचा वाटा आहेच. मात्र अतिजलद रेल्वे येथून जाणार असली तरी येथे थांबणार नाही. तिचे स्थानक दक्षिणेस बोईसरला आणि उत्तरेस वापीला.

वाहतुकीच्या एकंदर प्रश्नाचे मर्म या एवढ्याशा वस्तुस्थितीत आहे. रस्ता किती रुंद आणि गाडी किती वेगवान, यावरून एखाद्या प्रदेशाची प्रगती मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. परंतु ज्या प्रदेशातून वाहने नुसती धावत जातात त्याच्या पदरी धूळ, धूर आणि अपघात यांपलीकडे फारसे काही पडत नाही, आणि ज्या प्रदेशात ती थांबतात, म्हाताऱ्याला चढू देण्याइतकी, टोपली उतरवून घेण्याइतकी, शाळकरी पोरांची रांग आत शिरेपर्यंत थांबतात, त्या प्रदेशाचे जीवन मात्र पालटून जाते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, जातगोत आणि ऐपत न विचारता जे वाहन सर्वांसाठी थांबते, ते सार्वजनिक वाहन. स्वतःची मोटार वा मोटारसायकल चालविण्याऐवजी अशा वाहनाने प्रवास केल्याने प्रवाशाचा, त्याच्या गावाचा आणि त्याच्या भूमीचा काय लाभ होतो, याचा हिशेब डहाणू-तलासरीच्या उदाहरणावरून मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. डहाणू गाव खाडीच्या मुखाशी, आणि लोहमार्ग तेथून काहीसा पूर्वेला. म्हणून स्थानकाचे नाव डहाणू रोड पडले, आणि पुढे गावापेक्षा स्थानकाभोवतीची वस्तीच मोठी झाली. बाजार, वखारी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या या साऱ्यांनी लोहमार्गाच्या आधाराने मूळ धरले; घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतील चिकू, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो दूरच्या बाजारांना परिचित झाला त्यातही या लोहमार्गाचा हात मोठा. तलासरीचे दैव मात्र निराळे. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचेही दोन भाग झाले: उंबरगाव, संजाण ही लोहमार्गावरची स्थानके गुजरातेत गेली, आणि डोंगराकडचा, जंगलाचा, बहुतांशी वारली लोकवस्तीचा भाग महाराष्ट्रात राहून त्याचा तलासरी तालुका झाला. हद्दीची रेघ नकाशावर ओढली गेली आणि तलासरीच्या माणसाला सर्वांत जवळचे स्थानक परराज्यात शोधण्याची पाळी आली. तेव्हापासून आजतागायत तलासरी गावाला रेल्वे नाही. तेथल्या माणसाची आगगाडीशी गाठ घालून देणारे वाहन म्हणजे एसटी, आणि जेथे एसटी नाही तेथे जीप किंवा रिक्षा.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यापूर्वी रस्त्यांवर खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. त्या भरल्या की सुटत, भरल्या नाहीत तर उभ्या राहत, आणि ज्या मार्गावर मिळकत नाही त्या मार्गाकडे ढुंकूनही पाहत नसत. राज्याने हा व्यवसाय आपल्याकडे घेतला तो काही नफ्याच्या लोभाने नव्हे. भरल्या मार्गावरच्या उत्पन्नातून रित्या मार्गावरची तूट भरून काढावी आणि आडगावच्या माणसालाही तालुक्याची वाट खुली व्हावी, ही त्यामागची धारणा होती. ही धारणा डहाणूच्या भूमीला परकी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने तेथे असा प्रयोग केला की, गुरे राखण्यापायी मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनेच कुरणात जावे, आणि धाकट्या भावंडापायी येऊ शकत नसेल तर अंगणात जावे. जो दुर्बळ आहे त्याच्या दारापर्यंत व्यवस्थेने चालत गेले पाहिजे, हे तत्त्व शिक्षणाच्या क्षेत्रात कोसबाडने देशाला शिकविले. पाड्यावर जाणारी एसटी तेच तत्त्व दळणवळणात आचरीत असते.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे दिसते, ते पाहावयाचे तर वस्तीच्या गाडीकडे पाहावे. रात्री शेवटच्या फेरीने गावात येऊन मुक्काम करणारी आणि तांबडे फुटताच परत फिरणारी ही गाडी. चालक-वाहक रात्री गावातच पथारी टाकतात, आणि पहाटे इंजिन गरम होण्यासाठी घुरघुरू लागले की तो आवाज ऐकून पाड्यापाड्यांवरून माणसे वाटेला लागतात. पुढच्या बाकांवर दवाखान्यात निघालेली गरोदर बाई आणि तिच्याबरोबरची सासू; मधल्या जागेत तांदळाचे बोचके, दोन कोंबड्या, कोणाची तरी पत्र्याची पेटी; मागे दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या आठवी-नववीच्या मुली. वाहक तिकीट यंत्र सावरीत एकेकाजवळ येतो, पास पाहतो, सुट्ट्या पैशांवरून थोडी कुरकुर करतो, आणि पुढच्या थांब्यावर कोणी दिसत नसतानाही क्षणभर घंटी देऊन गाडी थांबवितो, कारण रोज तेथे चढणारी म्हातारी शेताच्या बांधावरून हात हालवीत येत असल्याचे त्याने पाहिलेले असते. हे सौजन्य कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते. परंतु जे वाहन रोज त्याच वाटेने, त्याच माणसांना घेऊन जाते, त्यातच ते उपजू शकते.

दुसरे दृश्य डहाणू रोडच्या फलाटावरचे. पावसाळा तोंडावर आला की भल्या पहाटे मुंबईकडच्या गाडीसाठी वारली बाया शेवळांच्या जुड्या पानांत बांधून घेऊन येतात, आणि त्यांबरोबर शेवळांची खाज मारणारी काकडे वेगळ्या फडक्यात. उन्हाळ्यात त्याच टोपल्यांत करवंदे, जांभळे, ताडगोळे असतात. मालडब्यात त्यांच्या शेजारी मांगेला-कोळणींच्या मासळीच्या पाट्या. वसई, बोरिवली, दादर येथे स्थानकाबाहेरच्या पदपथावर दुपारपर्यंत हा माल खपतो आणि संध्याकाळी त्याच मार्गाने बाया घरी परततात. चर्चगेटपासून डहाणू रोडचे अंतर सुमारे १२४ किलोमीटर. एवढ्या अंतरावर टोपलीभर रानभाजी घेऊन जाणे आणि तीत दिवसाची मजुरी सुटणे हे लोकलच्या भाड्यानेच शक्य होते. हाच माल भाड्याच्या टेंपोने न्यावयाचा म्हटले, तर टोपली विकूनही डिझेलचे पैसे निघावयाचे नाहीत. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हा कित्येकांना तिचे महत्त्व चाकरमान्यांच्या सोयीपुरतेच वाटले; वास्तविक जिच्याजवळ एकरभरही जमीन नाही अशा बाईला तिने महानगराचा बाजार खुला करून दिला.

आता पैशाचा हिशेब पाहू. डहाणू ते तलासरी हे अंतर साधारणपणे पंचवीस किलोमीटर धरले, तर मोटारसायकलीवरून रोज जाऊन येणाऱ्याला दिवसाकाठी एक लिटरभर पेट्रोल लागते, आणि पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांवर आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. म्हणजे निव्वळ इंधनापायी मजुरीचा तिसरा हिस्सा गेला. त्यावर कर्जाचा हप्ता, विमा, तेल, टायर, आणि दोन पावसाळ्यांनंतर निघणारी मोठी दुरुस्ती. हा खर्च एकरकमी दिसत नाही, तो रोज थोडाथोडा झिरपतो, म्हणून गाडीवाल्याला आपली पदरमोड जाणवत नाही. आणि हातावर पोट असलेल्या घरात तो झिरपतो तो बहुधा पोटाला चिमटा घेऊन. उलट एसटीत १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना भाडेच नाही. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास विनामूल्य मिळतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात दर दहांपैकी नऊ आणि डहाणू तालुक्यात दर तिघांपैकी दोघांहून अधिक रहिवासी आदिवासी आहेत. त्यांतल्या कितीएक घरांतील पहिली मुलगी दहावीला बसली, ती या पासाच्या बळावर. कोणतीही मोटारसायकल घरातल्या सर्वांना सारखी उपयोगी पडत नाही. ती कर्त्या पुरुषाची असते. तो कामावर गेला की घरातील बाई, मूल आणि म्हातारा पूर्ववत पायीच. सार्वजनिक वाहनाची मालकी कोणा एकाकडे नसल्यामुळेच ते घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्याही हक्काचे असते.

इंधनाचे गणितही याच दिशेने जाते, मात्र ते नीट समजून घेतले पाहिजे. डिझेलची एसटी एका लिटरात साधारणपणे चार-पाच किलोमीटर जाते, मोटार पंधरा आणि मोटारसायकल पन्नास. एवढेच पाहिले तर एसटी उधळी वाटेल. परंतु गाडी चालते ती माणसांना नेण्यासाठी. चाळीस उतारू घेऊन जाणारी एसटी एका लिटरात दीडशे ते दोनशे माणसांना एकेक किलोमीटर पुढे नेते; एकटा स्वार असलेली मोटारसायकल पन्नास, आणि एकटा धनी बसलेली मोटार अवघी पंधरा. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, तीच एसटी दहा उतारू घेऊन धावली तर ती मोटारसायकलीहून सरस राहत नाही. सार्वजनिक वाहनाचे श्रेष्ठत्व ते भरलेले असण्यावर अवलंबून आहे, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे या मुद्द्याकडे परत यावयाचे आहे. आगगाडीची गोष्ट याहूनही सरस. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा होणारा विरोध रबरी टायर व डांबर यांच्यामधील विरोधाच्या मानाने अत्यल्प असतो. बारा डब्यांची लोकल हजारावर माणसांना बसवून आणि तितक्याच किंवा अधिक माणसांना उभे करून नेते. आणि नव्या बांधणीच्या लोकलमध्ये गाडी थांबविताना तिच्याच मोटारी जनित्रे बनून वीज पुन्हा वरच्या तारेत सोडतात. दर स्थानकावर थांबणाऱ्या गाडीला थांबण्याचा जो दंड भरावा लागतो, त्याचा काही अंश अशा रीतीने परत मिळतो.

सुरक्षिततेविषयी बोलताना मन जड होते, पण बोलणे भाग आहे. देशात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा, शेकडा चव्वेचाळीसच्या वर, दुचाकीवरच्यांचा होता. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकंदर रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण एकतृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांवर घडले. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गुजरातहून मुंबईकडे येणारी एक मोटार कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा साऱ्या देशाने या महामार्गाचे नाव ऐकले. परंतु ज्यांची नावे वर्तमानपत्रांत दोन ओळींपलीकडे येत नाहीत असे दुचाकीस्वार आणि रस्ता ओलांडणारे पादचारी या रस्त्यावर वर्षानुवर्षे जीव गमावीत आले आहेत. महामार्ग लांबच्या जड वाहनांसाठी आखलेला. त्यावर पाड्यावरच्या तरुणाने शिरस्त्राणाशिवाय, मागे दोघांना घेऊन, ट्रकांच्या मधून वाट काढीत कंपनीच्या पाळीला जाणे, ही रोज खेळली जाणारी जोखीम आहे. तोच तरुण एसटीत वा लोकलमध्ये बसला तर ही जोखीम अनेक पटींनी उणावते. लोकलच्या दारात लोंबकळणेही जिवावर बेतते, हे खरे. परंतु त्या अपघाताचे मूळ गाड्यांच्या कमतरतेत आहे, आणि त्यावरचा उपायही अधिक गाड्या हाच आहे.

डहाणूच्या बाबतीत आणखी एक विचार असा आहे की जो अन्य तालुक्यांना सहसा लागू पडत नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला, आणि कोणते उद्योग येथे यावेत व कोणते येऊ नयेत यावर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ च्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी कित्येक वर्षे त्याचे अध्यक्षपद भूषविले. कारखान्याच्या धुरांड्यावर प्राधिकरण नजर ठेवू शकते. परंतु घरोघरच्या हजारो मोटारींच्या व मोटारसायकलींच्या धुरावर कोण नजर ठेवणार? वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची संयुगे आणि न जळलेल्या इंधनाची वाफ यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो माणसाच्या फुप्फुसांना जसा बाधतो तसा पिकांच्या पानांनाही. ज्या तालुक्याची ओळखच चिकूच्या वाड्या आणि किनाऱ्यावरची सुरूची बने यांनी झालेली आहे, त्याला हा धूर परवडणारा नाही. शिवाय वाहन वाढले की रस्ता अपुरा पडतो, रस्ता रुंद करावयाचा तर कडेची झाडे जातात, आणि गाड्या उभ्या करावयास बाजारात व किनाऱ्यावर जागा मागितली जाते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी येथील वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. त्या बंदराविषयी येथील मच्छीमारांच्या आणि बागायतदारांच्या मनातील चिंता हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे, परंतु पुढील काळात या भागात वाहतुकीचा ओघ वाढणार एवढे त्यावरून निश्चित दिसते. तो ओघ सुट्ट्या मोटारींच्या रूपाने अंगावर घ्यावयाचा की रेल्वे व बस यांच्या रूपाने आवरावयाचा, याची तजवीज आताच केली पाहिजे; एकदा माणसे आपापल्या गाड्यांना सरावली की मागे फिरणे फार कठीण जाते.

येथे वाहन भरलेले असण्याच्या मघाच्या मुद्द्याकडे परत येतो. गाडीत किती जागा आहेत आणि त्यांपैकी किती भरल्या, या प्रमाणाला एसटीच्या दफ्तरात भारमान म्हणतात, आणि फेरी राहणार की जाणार, याचा निकाल बहुधा भारमानावर लागतो. ज्यांची ऐपत आहे असे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, दुकानदार, कंपनीतले कामगार एकेक करून स्वतःच्या वाहनावर गेले की भारमान घसरते. भारमान घसरले की दुपारची फेरी बंद होते. दुपारची फेरी बंद झाली की सकाळच्या गाडीने गेलेल्याला संध्याकाळपर्यंत खोळंबून राहावे लागते, म्हणून तोही मोटारसायकलीसाठी कर्ज काढतो. आणि अखेरीस वस्तीची गाडी उठते. मग उरतात ते, ज्यांना कर्ज कोणी देत नाही: म्हातारी माणसे, विधवा, शाळकरी मुले. ज्या विहिरीतून रोज उपसा होतो तिचे पाणी ताजे राहते, आणि ज्या विहिरीवर कोणी पोहरा टाकीत नाही तिचे पाणी नासते. सार्वजनिक वाहनाचे असेच आहे. म्हणून ज्याच्या दारात मोटार उभी आहे असा माणूस जेव्हा एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहतो, तेव्हा तो स्वतःचे पैसे वाचवितो एवढेच नव्हे, तर आपल्या तिकिटाने तो शेजारच्या पाड्यावरील मुलीची शाळेची फेरी चालू ठेवतो. सार्वजनिक वाहनाच्या साऱ्या लाभांत मला हा लाभ सर्वांत मोठा वाटतो, आणि कोणत्याही खाजगी जमाखर्चात तो दिसत नाही.

हे वाहन बंद पडले म्हणजे काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांची गाऱ्हाणी खरी होती आणि वेतनाची स्थिती शोचनीय होती. परंतु त्या महिन्यांत आडवळणाच्या गावांना जे भोगावे लागले त्यावरून एसटी ही चैनीची वस्तू नसून पाणी आणि वीज यांच्या जोडीची गरज आहे हे सिद्ध झाले. कोठे जीपवाल्यांनी मागितले ते भाडे मुकाट्याने द्यावे लागले, कोठे मुलींचे शाळेत जाणेच थांबले. जीप आणि रिक्षा यांना दूषण देण्याचा हेतू नाही. जेथे एसटी पोहोचत नाही तेथे त्यांनीच माणसे तारली आहेत आणि त्यावर अनेक तरुणांचा संसार चालतो. परंतु पासाची सवलत त्यांना देता येत नाही, रिकामी गाडी घेऊन वेळेवर सुटणे त्यांना परवडत नाही, आणि टपावर व फळीवर माणसे भरल्याखेरीज त्यांचा खर्च निघत नाही. एसटीला पूरक म्हणून त्यांचे स्थान मोलाचे आहे. एसटीची जागा त्यांना घेता येणार नाही.

आता सार्वजनिक वाहनांचा पुरस्कार करणाऱ्याने त्यांतील उणिवांवर पांघरूण घालणे योग्य नव्हे. विरारच्या दक्षिणेस चार वा त्याहून अधिक रूळ आहेत, पण विरार ते डहाणू रोड या सुमारे चौसष्ट किलोमीटरच्या टप्प्यात जाण्यास एक आणि येण्यास एक, असे दोनच. त्यांवरूनच मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल साऱ्यांनी जावयाचे. म्हणून एखाद्या स्थानकावर लोकल बाजूला घेऊन मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढली जाते, आणि कामावर निघालेला माणूस डब्यात घाम पुशीत बसतो. म्हणूनच दोन लोकलमधील अंतरही मोठे राहते. या टप्प्याचे चौपदरीकरण मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात समाविष्ट झाले, त्याला २०१६ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, आणि मालगाड्यांचा स्वतंत्र मार्गही पुरा झाला की या रुळांवरील भार आणखी हलका होईल. सफाळे, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू येथील प्रवाशांनी या कामाचा पाठपुरावा सोडता कामा नये, कारण त्याने जो लाभ होणार आहे तो कोणत्याही नव्या महामार्गाने होणारा नाही.

दुसरी उणीव वेळापत्रकाची, आणि ती दूर करण्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लोकल फलाटाला लागावी आणि तलासरीची, कासाची वा बोर्डीची एसटी त्याआधी पाच मिनिटे निघून गेलेली असावी, यासारखा प्रवाशाचा हिरमोड दुसरा नाही; आणि अशा चुकामुकीमुळेच माणसे मोटारसायकलीकडे वळतात. स्वित्झर्लंड हा डोंगराळ देश. तेथे १९०६ पासून टपालखात्याच्या पिवळ्या मोटारी खेड्यापाड्यांत उतारू नेत आल्या आहेत, आणि १९८२ पासून देशभरच्या आगगाड्या तासातासाच्या ठराविक ठोक्यावर धावतात व स्थानकाबाहेरच्या बसगाड्यांच्या वेळा त्यांच्याशी जुळविलेल्या असतात. तेथील श्रीमंत माणूसही गाडीत बसतो तो दारिद्र्यामुळे नव्हे, तर उतरल्यावर पुढची गाडी उभी असेल या भरवशामुळे. असा भरवसा डहाणू रोडच्या स्थानकाबाहेर निर्माण करावयाचा तर रेल्वेच्या आणि एसटीच्या अधिकाऱ्यांनी एका मेजाशी बसून दोन वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवणे, लोकल उशिरा आली तर बसने थोडा वेळ थांबावे अशी ताकीद आगारास देणे, आणि तलासरीच्या फेऱ्या उंबरगाव व संजाणच्या गाड्यांशीही जुळविणे, एवढे पुरे आहे. १९६० साली हद्दीच्या रेघेने जे स्थानक तलासरीपासून तोडले, ते सोयीच्या बसने पुन्हा जोडता येते. दोन राज्यांच्या परस्पर संमतीने बसला राज्याची हद्द ओलांडता येते.

सरकारदरबारी जे व्हावयाचे ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि मागण्यात कसूर होऊ नये. पण काही गोष्टी केवळ प्रवाशांच्या हातात आहेत. तलासरीच्या कचेऱ्यांत आणि आश्रमशाळांत जे कर्मचारी दुरून येतात, त्यांनी आठवड्यातले काही दिवस तरी एसटीने यावे आणि जी फेरी हवी आहे तिच्यासाठी आगाराकडे लेखी अर्ज करावा. भारमानाची खात्री दिसली की आगारही फेरी नाकारीत नाही. ग्रामसभांनी थांब्यावर निवारा, दिवा आणि वेळापत्रकाचा फलक या तीन गोष्टी ठराव करून मागाव्यात, कारण भर पावसात छपराखाली उभे राहता आले नाही तर स्त्रिया आणि मुले थांब्यावर येणारच नाहीत. सुट्टीच्या दिवशी बोर्डी-घोलवडचा किनारा पाहण्यास मुंबईहून येणाऱ्यांनी मोटार घरी ठेवून लोकलने यावे आणि पुढे रिक्षाने वा एसटीने जावे. त्यांचे दोन पैसे स्थानिक माणसाच्या हाती पडतील, आणि ज्या शांततेसाठी ते येतात ती त्यांच्याच गाड्यांच्या रांगांनी भंगणार नाही.

येत्या काळात या दोन तालुक्यांतून जाणारे मार्ग वाढणार आहेत, आणि त्यांवरून धावणाऱ्या गाड्यांचा वेगही वाढणार आहे. तो कोणाच्या आवडीनिवडीने थांबणारा नाही. त्या वेगाचे स्वागत करावे की नाही, यावर मतभेद असू शकतील. परंतु उधवा वा गंजाड गावची मुलगी सकाळी वेळेवर शाळेत पोहोचते की नाही, आजाऱ्याला कासाच्या रुग्णालयात नेण्यास संध्याकाळी गाडी मिळते की नाही, आणि शेवळे विकून परतणारी बाई दिवेलागणीला आपल्या पाड्यावर उतरते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील तेव्हाच दळणवळण सुधारले असे म्हणता येईल. ही उत्तरे देणारी एसटी आणि लोकल आज आपल्याजवळ आहेत, अपुऱ्या असल्या तरी आहेत. त्या वाढाव्यात म्हणून मागणी करणे आणि त्या टिकाव्यात म्हणून त्यांत बसणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी बजावली पाहिजेत.